एक्स्ट्रीम मेटलचे शनिवार : ऐकण्याच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

काम काय ते आधी सांगतो. एक्स्ट्रीम मेटलचे, म्हणजे मेटल संगीतातल्या सगळ्यात वेगवान आणि जड प्रकारांचे (ब्लॅक मेटल, डेथ मेटल वगैरे), अल्बम सालाच्या क्रमानं, अख्खेच्या अख्खे, एका खोलीत बसून ऐकायचे आणि प्रत्येकाचं मत कागदावर घ्यायचं. हेच आम्ही आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करून बघितलं आणि ते पार बोंबललं. लोक अल्बम लावायचे लोकलमध्ये, ठाण्याला कुणाचा तरी फोन यायचा, कुर्ल्याला धक्काबुक्की, आणि दादरला उतरलं की 'ओव्हररेटेड' असं टाइप करून मोकळे. एकानं तर स्लेयरचा 'रेन इन ब्लड' तासभर ऐकला म्हणून सांगितलं आणि मत दिलं. तो अल्बम २९ मिनिटांचासुद्धा नाही राव.

म्हणून आता डोंबिवलीत माझ्या घरी. माणसं पाच. मी, ड्रमर (कॉलेजात ड्रमवर दोन्ही पायांनी डबल बेस बडवायचा, आता बँकेत आहे), वकील, माझा मावसभाऊ धाकटा (इंजिनीअरिंगला, यूट्यूबवर वाढलेला) आणि दादा. दादा पन्नाशीचे, रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव बघितलेले, घरात दोन खोके भरून कॅसेट. त्यांना सगळे अहो-जाहो करतात, वाद पेटला की मात्र कुणाला भान राहत नाही.

खर्च : सेकंड हँड अँप (अँप्लिफायर) ६,५००, स्पीकरची जोडी ८,०००, वायर आणि पिना ४५०. विकणारा म्हणाला एकदम चालू कंडिशन.

पहिला अल्बम व्हेनमचा 'ब्लॅक मेटल', १९८२. न्यूकासलची तीन पोरं, ज्यांच्या अल्बमच्या नावावरून पुढं अख्खा प्रकार ओळखला गेला. मतं : ड्रमर म्हणाला टेम्पो धड राहत नाही, गाणं सुरू एका वेगानं होतं आणि संपतं दुसऱ्याच वेगानं. वकील म्हणाला आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतोय, सिंबल ऐकूच येत नाहीत. मीही मान डोलावली. दादा म्हणाले कॅसेटवर सिंबल ऐकू यायचे, तुमच्याकडंच काहीतरी घोळ आहे. आम्ही म्हटलं दादा, कॅसेटच्या आठवणी गोडच असतात.

१४ जून

घोळ आमच्याकडंच होता. दादांनी आल्या आल्या बॅलन्सचा नॉब पूर्ण डावीकडं फिरवला आणि कान लावला, डाव्या स्पीकरचा ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर) मेलेला. मागच्या आठवड्यात व्हेनमच्या प्रॉडक्शनवर आम्ही जे काय तारे तोडले ते निम्मे त्या मेलेल्या ट्वीटरबद्दल होते. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे नेताना हललं असेल.

आज एकाच स्पीकरवर ऐकायचं नाही असं ठरलं आणि निव्वळ खोलीवर काम केलं. टाइल्सची फरशी, रिकाम्या भिंती, टाळी वाजवली तर आवाज परत येतो. जमिनीवर दोन सतरंज्या टाकल्या, समोरच्या भिंतीला गादी उभी केली, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं घेतले. काचेच्या कपाटात खणखण होती तिथं काचेच्या खाचेत कागदाच्या घड्या घातल्या. हे सगळं फुकटात झालं आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

२१ जून

लॅमिंग्टन रोडवरून ट्वीटर आणले, एक नाही, जोडीच बदलली, म्हणजे दोन्हीकडं आवाज सारखा. १,३०० रुपये आणि माझा एक अर्धा दिवस. सोल्डरिंग ड्रमरनं केलं.

'ब्लॅक मेटल' परत. घोंगडी गेली, टेम्पोची तक्रार राहिली. मग सेल्टिक फ्रॉस्टचा 'टू मेगा थेरिऑन', १९८५. स्विस लोक, कव्हरवर चित्रकार गीगरचं चित्र, मधेमधे हॉर्न आणि टिंपनी, आणि गायक टॉम वॉरियरचा तो जगप्रसिद्ध 'उग्!'. पाठोपाठ पझेस्डचा 'सेव्हन चर्चेस', तोही १९८५चा, शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल', आणि वाजवणारी पोरं तेव्हा हायस्कुलात होती.

आज दहापैकी मार्क द्यायचे ठरवले होते. बहुतेकांनी दोन्हीला सात नाहीतर साडेसात दिले. धाकट्यानं आधी चार लिहिले होते, दादांनी सात म्हटल्यावर खोडून साडेसहा केले, मी बघितलं. मार्क बंद.

२८ जून

नवीन नियम, हा कुणी करणार असेल तर पहिल्या दिवसापासून करा. अल्बम संपला की कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या, त्यातल्या एका ओळीत गाण्याचं नाव आणि त्यातली नेमकी जागा पाहिजे. 'रिफ (गिटारवर परत परत येणारी ओळ) भारी' चालणार नाही, कुठला रिफ ते सांगा. चिठ्ठ्या डब्यात. मग चहा. मग डबा उघडून मोठ्यानं वाचायच्या आणि तेव्हा काय भांडायचं ते भांडा.

'रेन इन ब्लड', १९८६. निर्माता रिक रुबिन, जो तोवर हिपहॉपवाला म्हणून ओळखला जायचा. त्यानं काय केलं तर मेटलच्या रेकॉर्डवर त्या काळी जी एको ओतायची पद्धत होती ती काढून टाकली, त्यामुळं आजही सगळं तोंडासमोर वाजल्यासारखं येतं. दादांनी कॅसेट दाखवायला आणली होती. अल्बम इतका छोटा की कॅसेटच्या दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम भरलेला होता, म्हणजे उलटी करायची आणि परत पहिल्यापासून.

माती कुठं खाल्ली : स्ट्रीमिंगवर मी नंतरची वाढीव आवृत्ती लावली होती. 'रेनिंग ब्लड' संपून पावसाचा आवाज सुरू झाला, सगळे गप्प बसलेत, आणि तेवढ्यात बोनस गाणं धाडकन सुरू. दादा अक्षरशः उठून उभे राहिले. तेव्हापासून लावण्याआधी मूळ गाण्यांची यादी बघून प्लेलिस्ट स्वतः बनवतो, ऑटोप्ले बंद.

चिठ्ठीनं लगेच काम केलं. वकिलानं लिहिलं : 'मधली गाणी वेगळी ओळखू येत नाहीत, पहिलं आणि शेवटचं सोडलं तर मला एकच लांब गाणं वाटलं, आणि तसं असेल तर चांगलंच आहे.' हे तो तोंडी कधीच बोलला नसता कारण दादा समोर बसलेले. दादांनी ते वाचून पाच मिनिटं काही म्हटलं नाही, मग म्हणाले बरोबर आहे, आम्ही पण तसंच ऐकायचो.

६ जुलै, रविवार

शनिवारी दोघांना ऑफिस, म्हणून रविवार घेतला, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. ड्रमर मुलुंडवरून दीड तास उशिरा. शनिवार सोडायचा नाही. आषाढी असल्यामुळं दादांचा उपास, म्हणून आईनं सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी.

नेपाम डेथचा 'स्कम', १९८७. २८ गाणी, साधारण ३३ मिनिटं. हा अल्बम म्हणजे दोन वेगळे बँड एका रेकॉर्डवर आहेत, 'ए' बाजूचे लोक वेगळे, 'बी' बाजूचे वेगळे, दोन्हीकडं कॉमन एकच माणूस, ड्रमर मिक हॅरिस. लावला. पाचसहा गाण्यांनंतर आमचा ड्रमर म्हणाला थांबा, बोलायचं नाही माहितीय पण इथं दोन ड्रमर एकदम वाजवतायत. मी म्हटलं शक्य नाही. परत लावलं, खरंच दोन ड्रमर. मग कळलं, अ‍ॅपमध्ये क्रॉसफेड चालू होता. धाकट्यानं कुठल्यातरी पार्टीसाठी सहा सेकंदांवर ठेवलेला, म्हणजे प्रत्येक गाण्याच्या शेपटावर पुढचं गाणं चढत होतं. जिथं गाणीच अर्ध्या-एक मिनिटाची तिथं राहतंय काय. 'यू सफर' तर सव्वा सेकंदाचं आहे, १.३१६ सेकंद, गिनीज बुकात नोंद आहे, ते तर पुढच्या गाण्याच्या पोटातच गेलं. धाकटा म्हणे मला तर असंच भारी वाटलं होतं. शप्पथ.

क्रॉसफेड बंद, व्हॉल्यूम सारखा करणारी सेटिंग पण बंद, पहिल्यापासून. चिठ्ठ्या वाचताना चांगलीच जुंपली. 'ए' बाजू पंकच्या जवळची, घाणेरडी, रागावलेली. 'बी' बाजूला बिल स्टीअरची गिटार आणि ली डोरियनचा आवाज आला की ती जड होते. ड्रमर आणि मी 'ए'वाले, वकील 'बी'वाला, दादा म्हणाले दोन्ही बाजू लागोपाठ ऐकल्या तरच कळतं की हे लोक कुठं निघाले होते. खरंय. 'ए' बाजूचा गिटारवाला जस्टिन ब्रॉडरिक पुढं गॉडफ्लेश काढतो, स्टीअर कार्कसमध्ये जातो, डोरियन कथीड्रल काढून जगातलं सगळ्यात हळू संगीत करायला लागतो. एका ३३ मिनिटांच्या रेकॉर्डमधून तीन दिशांना तीन बँड. धाकट्याच्या चिठ्ठीवर फक्त एवढंच : 'यू सफर. जागा : संपूर्ण.' नियमात बसतं, घेतलं.

१९ जुलै

बाथरीचा 'अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क', १९८७. सगळ्यांना आवडला, 'एंटर द इटर्नल फायर' पाच चिठ्ठ्यांपैकी चारांवर. भांडण नाही, म्हणून लिहिण्यासारखं फार काही नाही.

खालचे काका आले होते. भजन आहे का काय आहे ते विचारायला, त्यांच्या परीनं सभ्यपणे. फोनवरच्या मीटरवर आमचा आवाज ९० डेसिबलच्या वर जात होता. तह असा झाला की संध्याकाळी पाच ते सात, आणि ८०च्या आत.

२६ जुलै

आवाज कमी केला आणि डेथ मेटल मेलं. मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस', १९८९, ८०च्या आत लावला तर किकचा (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) नुसता टकटक आवाज, गिटारखालचा पाया गायब. आधी मी अँपवर बेस वाढवला, तर सगळं गढूळ, आणि खालच्या काकांना नेमका बेसच जास्त जातो. वकिलानं सरळ उपाय काढला, सोफा सोडा आणि स्पीकरजवळ बसा. स्पीकर कानाच्या उंचीला स्टुलांवर ठेवले, आम्ही जमिनीवर चार फुटांवर अर्धगोल करून. मीटर ७८, आणि त्यांचा ड्रमर पीट सँडोव्हलचा एकेक किक मोजता येईल इतका स्पष्ट. स्टुलं घरचीच. फ्लॅटमध्ये राहत असाल तर महागडा सबवूफर घेण्याआधी हे करून बघा.

पहिलं गाणं 'इम्मॉर्टल राइट्स' सुरू झालं आणि धाकटा म्हणाला फाइल करप्ट आहे. नाही रे बाबा, सुरुवातच उलट्या टेपची आहे. ड्रमरची चिठ्ठी : 'चॅपल ऑफ घूल्स, मधला हळू भाग. सगळे सँडोव्हलच्या वेगाबद्दल बोलतात पण तो हळू वाजवताना कुठं थांबतो ते ऐका.' दादांच्या मते डेथ मेटलमध्ये पुढं जे काही झालं ते सगळं या अल्बममध्ये आधीच आहे. वकील म्हणाला हे वाक्य तुम्ही 'सेव्हन चर्चेस'च्या वेळी पण म्हणाला होतात. वही उघडून दाखवलं. म्हणून सांगतो, वही ठेवा.

२ ऑगस्ट

एन्टूम्ड, 'लेफ्ट हँड पाथ', १९९०. स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ, निर्माता टोमास स्कॉग्सबर्ग, आणि बॉस कंपनीचा एचएम-२ पेडल (गिटारचा आवाज फाडणारा डबा, पायानं चालू करायचा), चारही नॉब शेवटपर्यंत फिरवलेले. हे नुसतं वाचून काही कळत नाही म्हणून ड्रमरनं मित्राकडून गिटार आणि एचएम-२ची स्वस्तातली नक्कल उसनी आणली. नॉब निम्म्यावर ठेवले तर आवाज अगदीच फालतू. मग लेव्हल फुल, लो फुल, हाय फुल, डिस्टॉर्शन फुल, आणि एकच खालची तार. खोलीत सगळ्यांचे चेहरे बदलले. धाकट्यानं तारेवरून हात उचलला तरी ते गुरगुरतच होतं, त्यामुळं तारा सतत तळव्यानं दाबून धराव्या लागतात आणि रिफही तसेच तुटक होतात.

यात पाऊण तास गेला, अल्बमला उशीर, सातची वेळ चुकली, काका परत आले. पण ऐकताना एकही चिठ्ठी 'गिटारचा आवाज भारी' एवढ्यावर थांबली नाही. वकिलाला टायटल गाण्याचा शेवट आवडला, वेग उतरतो आणि लीडवर एकदम धून येते ती जागा.

१६ ऑगस्ट

दहीहंडी. चौकात डीजे. मीटर बाहेर काढून बघितलं तर खिडकी बंद असताना ८५, म्हणजे आमच्या तहापेक्षा जास्त, तेही फुकट. ऐकणं रद्द. काकाही खिडकीत उभे होते, आमच्याकडं बघून हसले.

२३ ऑगस्ट

डेथचा 'ह्युमन', १९९१. याच्या दोन वेगळ्या रूपांनी मजा आणली. १९९१चं मूळ मिक्स आहे, आणि २०११मध्ये रिलॅप्स कंपनीनं काढलेली आवृत्ती ही नुसती रीमास्टर नाही, ती नव्यानं मिक्स केलेली आहे. मी न सांगता पहिली चार गाणी जुन्या मिक्समध्ये लावली आणि तीच परत नव्या मिक्समध्ये. चिठ्ठ्या दोनदा. जुन्यावर सगळ्यांनी गिटार आणि आवाजाबद्दल लिहिलं, नव्यावर पाचपैकी तिघांनी स्टीव्ह डिजॉर्जिओच्या बेसबद्दल. दादांना नवं मिक्स आवडलं नाही, म्हणे जास्त धुतलंय. आमच्या ड्रमरला डेथच्या शॉन राइनर्टचे सिंबल नव्यातच नीट दिसले आणि तो मग दुसरं काही ऐकायलाच तयार नाही. म्हणजे 'ह्युमन कसा आहे' असं कुणी विचारलं तर आधी कुठला ते विचारा. कुठली आवृत्ती ऐकली ते वहीत अल्बमच्या नावाशेजारी लिहायला लागलो, आधीच्या सगळ्या नोंदींतही शोधून भरलं, त्यात एक संध्याकाळ गेली.

डेथचा म्होरक्या चक शुल्डिनर २००१च्या डिसेंबरमध्ये गेला, ब्रेन ट्यूमर, वय ३४. राइनर्ट आणि गिटारवाला पॉल मॅसव्हिडाल हे दोघं सिनिक या बँडचे, तेव्हा वीस-एकवीस वर्षांची पोरं. 'कॉस्मिक सी' लागलं तेव्हा धाकट्यानं फोन बाजूला ठेवला, जे तो सहसा करत नाही.

१३ सप्टेंबर

गणपतीत सुट्टी होती. आता नॉर्वेचं ब्लॅक मेटल, आणि हा दिवस ऐकण्यापेक्षा बोलण्यात जास्त गेला.

यादीत तीन नावं होती. मेहेमचा 'दे मिस्टीरीस डॉम सथानास' (१९९४), डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) आणि बर्झमचा 'फिलोसोफेम' (१९९६). वकिलानं आदल्या दिवशीच मेसेज केला की बर्झमला तो बसणार नाही. बर्झम म्हणजे एकटा वार्ग विकर्नेस, आणि त्यानं १९९३च्या ऑगस्टमध्ये मेहेमच्या युरोनिमसला भोसकून मारलं, चर्च जाळल्याबद्दलही शिक्षा झाली, वंशवादी लिखाण तर नंतरही चालूच. धाकट्याचं म्हणणं आवाज वेगळा आणि माणूस वेगळा. दादांचं म्हणणं यादी इतिहासाची आहे तर गाळून कसं चालेल. वकील म्हणाला मग मेहेमचं काय करताय ते सांगा, कारण त्या रेकॉर्डवर मेलेल्याची गिटार आणि मारणाऱ्याचा बेस एकत्र आहे. युरोनिमसच्या घरच्यांनी तो बेस काढून टाका अशी विनंती केली होती, मेहेमचा ड्रमर हेलहॅमरनं तो तसाच ठेवला. ही गोष्ट मला माहीत होती, पण ऐकायला बसण्याच्या आधी कुणी अशी समोर ठेवली नव्हती.

'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'चं पण सरळ नाही. काही गाण्यांचे शब्द विकर्नेसचे, आणि मूळ कव्हरच्या मागं आर्यवादी ओळ छापलेली होती, जी नंतर काढली गेली. तर ठरलं असं : बर्झम नाही. डार्कथ्रोनचा त्याऐवजी १९९२चा 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय', जो पीसव्हिल कंपनीला डेथ मेटल हवं असताना त्यांनी तसाच करकरीत ठेवला. मेहेम लावायचा, पण ही सगळी माहिती आधी मोठ्यानं वाचून. दादांना पटलं नाही. वहीत त्यांची नापसंती लिहिली आहे.

आता ऐकण्याचं. 'दे मिस्टीरीस' बर्गनच्या ग्रीग हॉलमध्ये रेकॉर्ड झाला, मोठं मैफिलीचं सभागृह, रेकॉर्डिंग करणारा पिटन. ड्रमला जी जागा मिळाली आहे ती या आधीच्या एकाही अल्बममध्ये नव्हती. आमच्या चार फुटांच्या बैठकीत ती जागाच नाहीशी झाली, म्हणून पहिल्यांदाच सोफ्यावर परत गेलो आणि गादी भिंतीवरून काढली. म्हणजे खोलीची एकच मांडणी सगळ्याला चालते हा समज चुकीचा. अटिला चिहारचा आवाज : दोन चिठ्ठ्यांवर 'हा काय प्रकार', दोन चिठ्ठ्यांवर 'हाच तर प्रकार'. वकिलाची चिठ्ठी : 'फ्रीझिंग मून, सुरुवात. उत्तम आहे. याचा मला त्रास होतो.'

२० सप्टेंबर

यादी मोडली. अ‍ॅट द गेट्सचा गायक टोमास लिंडबर्ग १६ तारखेला गेला, कॅन्सर, वय ५२. 'स्लॉटर ऑफ द सोल', १९९५, गोथेनबर्ग, ३४ मिनिटं. नवीन काही शोधायचं नव्हतं, सगळ्यांना पाठ. तरी चिठ्ठ्या लिहिल्या. दादांनी लिहिलं की २०००नंतर अमेरिकेतल्या निम्म्या बँडनी हा अल्बम पुन्हा पुन्हा वाजवून पोट भरलं आणि त्यातल्या एकालाही तो आवाज जमला नाही, कारण रिफ उचलता येतात, तो घसा फाटेपर्यंतचा जीव नाही उचलता येत. ड्रमरनं सांगितलं की डार्कथ्रोनचा लोगो पण लिंडबर्गनंच काढलेला, मागच्या आठवड्यात हातात होतं ते कव्हर आणि कुणाला सुचलं नाही. 'कोल्ड'मधला अँडी लारोकचा सोलो परत लावला. काका आले नाहीत. आवाज किती होता ते मोजलं नाही.

४ ऑक्टोबर

गॉर्गट्सचा 'ऑब्स्क्युरा', १९९८, क्युबेक. फसलं. साठ मिनिटांचा अल्बम, विसाव्या मिनिटाला धाकटा गॅलरीत, पस्तिसाव्याला वकील फोनवर, ड्रमर झोपला. त्याची चिठ्ठी : 'शेजारी कपाट सरकवतायत आणि ते दारात अडकलंय.' दादांनी चिठ्ठीच दिली नाही, म्हणे हे मला कळलं नाही आणि न कळलेल्यावर मी लिहीत नाही. मला आवडला होता, पण एकट्याच्या आवडीनं खोली चालत नाही.

११ ऑक्टोबर

तोच अल्बम परत, पद्धत बदलून. कारण हा अल्बम गाणी लिहून झाल्यावरही कंपनीअभावी काही वर्षं पडून होता, म्हणजे यांना घाई नव्हती, आपण कशाला करायची. आज फक्त तीन गाणी. पहिलं 'ऑब्स्क्युरा', दोनदा. मग 'क्लाउडेड', जे नऊ मिनिटं अगदी संथ आहे आणि त्यात गिटारी काय करतायत ते उघडं पडतं : नेहमीचा रिफ नाहीच, तारा घासणं, वाकवणं, आवाज तुटेल तिथं सोडणं, आणि दोन गिटारी एकमेकींना उत्तर देतायत. ते कानात बसल्यावर परत 'ऑब्स्क्युरा'. ड्रमर उठून बसला. बोटांनी मांडीवर मोजायला लागला, चुकला, परत मोजलं. दादांची चिठ्ठी आली, एकच ओळ : 'क्लाउडेड. दुसरी गिटार. घरी ऐकणार.' धाकट्याला अजूनही आवडत नाही, त्याचं कारण त्यानं नीट दिलं, की त्याला पुढची पट्टी कुठं येणार याचा अंदाज हवा असतो आणि इथं तो मुद्दाम काढून घेतलाय. ही मला या वहीतली सगळ्यात चांगली नापसंती वाटते.

जड अल्बम असेल तर अख्ख्याचा नियम मोडा. मधलं सगळ्यात संथ गाणं शोधा आणि तिथून शिरा.

१ नोव्हेंबर

दिवाळीचा फराळ उरलेला, माणसं वेळेवर.

डीमॉनिक रिझरेक्शन, 'अ डार्कनेस डिसेंड्स', २००५, मुंबई. यात आईनं भर घातली. चहा घेऊन आली, बँडचा गायक साहिल मखिजाचा फोटो बघितला आणि म्हणाली हा तर कीटोच्या रेसिपीवाला. खरंच आहे, 'हेडबँगर्स किचन' त्याचंच. आईनं त्याचं पनीर करून बघितलंय, बँड आहे हे माहीत नव्हतं. अल्बमबद्दल : दादांना कीबोर्ड जास्त वाटले, मला त्या काळात इथं राहून एवढं धड प्रॉडक्शन केलं याचंच जास्त वाटतं. दोघांचं खरं असू शकतं. मग गटस्लिटचा 'अँप्युथिएटर', २०१७, तोही मुंबईचा, नुसता ब्रुटल डेथ मेटल, कीबोर्डचा प्रश्नच नाही. ड्रमर खूश. वकील म्हणाला छान आहे पण अमेरिकेच्या सफोकेशननं हे १९९१ला केलंय, तर धाकटा म्हणाला ते दादरला राहत नव्हते.

शेवटी कल्ट ऑफ फायर, चेक बँड, २०१३. अल्बमचं आणि गाण्यांची नावं देवनागरीत, 'मृत्यु का तापसी अनुध्यान'. यादीतला हा एकच अल्बम ज्याची गाणी वाचताना कुणी अडखळलं नाही. मला वाटलेलं इथं सगळे हसतील. 'शव साधना' नाव वाचून धाकटा हसलाही. पण लागल्यावर जवळ सरकून बसले सगळे, कारण रिफमध्ये सूर आहे आणि तो उगाच सतार चिकटवून आणलेला नाही. वकिलाला तरी शंका, की आपल्याकडचं स्मशान यांना सजावटीला लागतं. दादा म्हणाले नॉर्वेवाल्यांनी सैतान सजावटीलाच घेतला होता, तेव्हा तू विचारलंस का. विचारलं होतं रे, असं वकील म्हणाला, १३ सप्टेंबर काढ. काढलं. विचारलं होतं.

१५ नोव्हेंबर

ब्लड इन्कँटेशन, 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर', २०२४. डेन्व्हरचे लोक, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्डिंग, दोनच गाणी, प्रत्येकाचे तीन भाग, मधे टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या थॉर्स्टन क्वेश्निंगचे सिंथ. मांडणी सोफ्याची ठेवली, गादी अर्ध्या भिंतीला.

क्रमानं ऐकत आल्याचा उपयोग आज झाला. ड्रमरनं 'द स्टारगेट'मध्ये मॉर्बिड एंजल ओळखला, दादांनी नेमकी जागा धरून सांगितलं की हा रिफ 'ह्युमन' ऐकल्याशिवाय कुणी लिहिला नसता, आणि धाकटा, जो जूनमध्ये व्हेनमला आवाज बंद करून कपडे धुण्याच्या लायकीचा म्हणाला होता, तो म्हणाला मधला शांत भाग लांबलाय आणि डेथ मेटल परत येतं तेव्हाच श्वास येतो. वकिलाला उलट शांत भागच हवा. यावर सात वाजून गेले तरी भांडण चालू होतं, पण स्पीकर बंद असल्यामुळं काकांना तक्रारीला जागा नव्हती.

आतापर्यंतचा खर्च : अँप, स्पीकर, वायर, ट्वीटर धरून १६,२५०, पाचांत वाटून ३,२५० प्रत्येकी. धाकट्याचे अजून यायचेत. पुढच्या वेळी क्रिप्टॉप्सीचा 'नन सो व्हाइल' (१९९६), जो मधे सुटला होता, आणि दादा दुसरं खोकं आणणार आहेत, त्यात कॅसेट वाजते का ते आधी डेक उघडून बघायला लागेल, बेल्ट ढिला झालाय.